सूर्याची वीज आणि विजेचे जाळे

केरळ राज्यात कोची शहराजवळ नेडुंबश्शेरी येथे एक मोठा विमानतळ आहे. १८ ऑगस्ट २०१५ रोजी तेथे १२ मेगावॅट क्षमतेचे सौर विद्युत्केंद्र सुरू झाले आणि पूर्णपणे सौरशक्तीवर चालणारा जगातील पहिला विमानतळ म्हणून तो ओळखला जाऊ लागला. सुमारे ४५ एकर जागेवर मांडलेल्या सौर फलकांपासून दररोज सुमारे ५० हजार युनिट वीज मिळू लागली. विमानतळाची त्या वेळची दैनंदिन गरज भागविण्यास ती पुरेशी होती.

परंतु विमानतळाचे काम सूर्यास्ताबरोबर थांबत नाही. धावपट्टीचे दिवे तर रात्रीच लावावे लागतात. मग रात्रीची वीज कोठून येते? दिवसाची वीज साठवून ठेवणाऱ्या बॅटऱ्या या केंद्रात बसविलेल्याच नव्हत्या. दिवसा गरजेहून अधिक तयार झालेली वीज केरळ राज्य विद्युत् मंडळाच्या वीजजाळ्यात सोडावयाची आणि रात्री त्याच जाळ्यातून ती परत घ्यावयाची, अशी ही योजना होती. या जाळ्यासच ग्रिड असे म्हणतात आणि त्यास जोडलेल्या अशा यंत्रणेस ग्रिडसंलग्न सौर यंत्रणा असे नाव आहे. आज देशातील असंख्य घरे, शाळा व कारखाने यांच्या छपरांवर दिसणारी बहुतेक सौर फलके याच पद्धतीची आहेत.

या पद्धतीविषयी दोन प्रश्न सहजच मनात येतात. दुपारी जाळ्यात सोडलेली वीज रात्रीपर्यंत कोठे राहते? आणि दुसरा प्रश्न अधिक चमत्कारिक आहे. भर दुपारी, आकाशात सूर्य तळपत असताना, गावाची वीज गेली तर छपरावर सौर फलके असलेल्या घरातील दिवेही का मालवतात? या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते. ते फलकांत नाही. फलके आणि जाळे यांच्या परस्परसंबंधात आहे.

किरणापासून प्रवाहापर्यंत

प्रकाशापासून वीज मिळते हे मनुष्यास बऱ्याच काळापासून ठाऊक आहे. फ्रान्समधील एडमंड बेकेरेल या एकोणीस वर्षांच्या तरुणास १८३९ साली असे आढळून आले की, द्रावणात बुडविलेल्या धातूच्या पट्ट्यांवर प्रकाश पडला असता त्यांपासून विद्युत्प्रवाह मिळतो. प्रकाशाची ऊर्जा सुट्या पुंजांच्या रूपाने येते, हा विचार अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९०५ साली मांडला आणि अशा घटनांचा उलगडा होण्याचा मार्ग मोकळा झाला. पुढे १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअरसन या तिघा संशोधकांनी सिलिकॉनचा पहिला व्यवहारोपयोगी सौर घट तयार केला. त्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ६ टक्के ऊर्जेचे विजेत रूपांतर होई. आजच्या चांगल्या फलकांत हेच प्रमाण २० टक्क्यांच्या वर गेले आहे.

सौर घट म्हणजे सिलिकॉन या अर्धसंवाहक मूलद्रव्याचा एक पातळ काप होय. त्याच्या एका बाजूस फॉस्फरसचा आणि दुसऱ्या बाजूस बोरॉनचा अत्यल्प अंश मिसळलेला असतो. या दोन थरांच्या सांध्याशी एक अंगभूत विद्युत्क्षेत्र निर्माण होते. प्रकाशाचा पुंज सिलिकॉनमध्ये शिरला म्हणजे तेथील एखादा इलेक्ट्रॉन आपल्या जागेवरून सुटतो आणि ते विद्युत्क्षेत्र त्यास एका बाजूस ढकलते. बाहेरून तार जोडली असेल तर हे इलेक्ट्रॉन त्या वाटेने फिरून दुसऱ्या बाजूस परत येतात. हाच विद्युत्प्रवाह. या क्रियेत घटातील कोणताही पदार्थ खर्च होत नाही. प्रकाश पडत असेपर्यंत प्रवाह वाहतो आणि प्रकाश थांबताच तोही थांबतो. साठविण्याचा गुण या घटाच्या अंगी मुळीच नाही, ही गोष्ट येथेच ध्यानात ठेवावयास हवी.

एका घटापासून जेमतेम अर्ध्या व्होल्टचा दाब मिळतो. म्हणून ६० किंवा ७२ घट एकापुढे एक जोडून एक फलक करतात आणि अनेक फलके जोडून एक माळ करतात. एक किलोवॅट क्षमतेच्या फलकांस सुमारे १०० चौरस फूट जागा लागते आणि आपल्या देशात त्यांपासून वर्षाच्या सरासरीने दररोज सुमारे ४ युनिट वीज मिळते. भारत विषुववृत्ताच्या उत्तरेस असल्यामुळे फलकांचे तोंड दक्षिणेस ठेवतात. ऊन जितके कडक तितकी वीज अधिक, हे मात्र पूर्णांशाने खरे नाही. घट तापला म्हणजे त्याचा विद्युद्दाब उतरतो आणि दर अंश सेल्सियसमागे सुमारे ०.३ ते ०.४ टक्के शक्ती कमी होते. म्हणून स्वच्छ आकाशाचा पण थंड दिवस या फलकांस अधिक मानवतो.

इन्व्हर्टरचे काम

फलकांतून निघणारा प्रवाह एकाच दिशेने वाहतो. त्यास एकदिश प्रवाह म्हणतात. घराघरांत येणारी वीज मात्र प्रत्यावर्ती असते. तिचा प्रवाह एका दिशेने वाढतो, ओसरतो, उलट दिशेने वाढतो आणि पुन्हा ओसरतो. भारतात हे पूर्ण आवर्तन सेकंदास ५० वेळा होते, म्हणजेच विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असते. या दोन प्रकारच्या प्रवाहांची गाठ घालून देणारे यंत्र म्हणजे इन्व्हर्टर होय.

इन्व्हर्टरमध्ये फिरणारे चाक नसते. त्यात अर्धसंवाहकांचेच बनविलेले विद्युत् खटके असतात आणि ते सेकंदास हजारो वेळा उघडतात व मिटतात. खटका कधी अधिक काळ तर कधी थोडा काळ मिटलेला ठेवून प्रवाहाचे लहानमोठे ठोके तयार करतात. पुढील वेटोळ्यातून जाताना हे ठोके एकमेकांत मिसळतात आणि त्यांतून चढउताराची सुबक लाट तयार होते.

इन्व्हर्टरकडे दुसरेही एक काम असते. फलकाची टोके मोकळी ठेवली तर दाब पूर्ण मिळतो, पण प्रवाह शून्य असतो. टोके एकमेकांस जोडली तर प्रवाह पूर्ण असतो, पण दाब शून्य होतो. शक्ती म्हणजे दाब व प्रवाह यांचा गुणाकार. तेव्हा या दोन्ही टोकांस शक्ती शून्यच आणि मधल्या कोठल्या तरी एका बिंदूवर ती सर्वांत अधिक असणार, हे उघड आहे. ढग आला, ऊन कलले किंवा फलक तापले की हा बिंदू सरकतो. इन्व्हर्टर दाब किंचित कमीअधिक करून पाहत दिवसभर या बिंदूचा माग काढीत असतो.

यापुढील काम सर्वांत महत्त्वाचे आहे. तयार झालेली लाट जाळ्यातील लाटेशी तंतोतंत जुळली पाहिजे. दिंडीत उशिरा येऊन मिळणारा टाळकरी आपला निराळा ताल धरीत नाही. तो क्षणभर मृदंग ऐकतो, सम ओळखतो आणि मगच टाळ वाजवू लागतो. इन्व्हर्टरचेही तसेच आहे. जाळ्याचा दाब व वारंवारता यांचे तो काही काळ निरीक्षण करतो आणि ती योग्य मर्यादेत आहेत अशी खात्री झाली म्हणजे जाळ्याच्या तालावर, त्याच क्षणी व त्याच दिशेने, आपला प्रवाह त्यात सोडू लागतो. ताल जाळ्याचा असतो. इन्व्हर्टर त्याचा अनुयायी असतो.

जाळ्यात आलेला हा प्रवाह प्रथम घरातील पंखे, दिवे व पंप यांना पुरतो, कारण तेच सर्वांत जवळ असतात. उरलेला प्रवाह मीटरमधून बाहेर पडून शेजारच्या घरांकडे जातो. घरची निर्मिती अपुरी पडली तर उणीव बाहेरून भरून येते. म्हणूनच अशा घरी दोन्ही दिशांची मोजणी करणारा मीटर बसवितात. किती युनिट घेतले आणि किती दिले, यांचे निरनिराळे आकडे तो दाखवितो आणि त्यावरून देयकाचा हिशेब होतो.

जाळे म्हणजे हौद नव्हे

दिलेले आणि घेतलेले युनिट असे समोरासमोर मांडले म्हणजे जाळे हा एखादा हौद किंवा पेढी आहे आणि आपली वीज तेथे जमा राहते, असा समज होणे स्वाभाविक आहे. तथापि तो बरोबर नाही. तारांमध्ये वीज साठून राहत नाही. कोणत्याही क्षणी देशात जितकी वीज वापरली जाते, जवळजवळ तितकीच त्या क्षणी निर्माण करावी लागते.

हे संतुलन वारंवारतेवरून कळते. औष्णिक व जलविद्युत् केंद्रांतील प्रचंड जनित्रे एकाच तालात फिरत असतात. मागणी वाढून निर्मिती अपुरी पडली, तर जनित्रांवर ओढ येऊन त्यांची गती मंदावते आणि वारंवारता ५० हर्ट्झच्या खाली जाते. निर्मिती अधिक झाली तर ती वर चढते. भारतात ती ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या अरुंद पट्ट्यात ठेवण्याचा नियम आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिण भारताचे जाळे उर्वरित देशाच्या जाळ्यास जोडले गेले. तेव्हापासून काश्मीरपासून केरळपर्यंत सर्व देश एकाच वारंवारतेच्या तालावर चालत आहे.

हे संतुलन किती नाजूक असते याचा प्रत्यय ५ एप्रिल २०२० रोजी आला. पंतप्रधानांच्या आवाहनानुसार त्या रात्री ९ वाजता देशभर लोकांनी ९ मिनिटे घरातील दिवे मालविले. थोड्याच मिनिटांत देशाची मागणी ३० हजार मेगावॅटहून अधिक उतरली आणि नंतर तितक्याच झपाट्याने ती वर चढली. हा चढउतार प्रामुख्याने जलविद्युत् केंद्रांनी सांभाळला. पाण्याचा प्रवाह कमीअधिक केल्याने ही केंद्रे काही मिनिटांत हवी तशी वळविता येतात.

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. दुपारी कोचीहून जाळ्यात आलेली वीज त्याच क्षणी कोणी तरी वापरून टाकतो. तेवढ्यापुरती दुसऱ्या एखाद्या केंद्राची निर्मिती कमी करता येते. ते केंद्र इडुक्कीसारखे धरणाचे असेल तर तेवढे पाणी धरणात राहते आणि कोळशाचे असेल तर तेवढा कोळसा वाचतो. रात्री विमानतळाच्या दिव्यांसाठी तेच पाणी किंवा तोच कोळसा उपयोगी पडतो. अर्थात् रात्री परत येते ती दुपारची वीज नव्हे. दुपारी शिल्लक राहिलेल्या साधनापासून रात्री नव्याने केलेली ती वीज होय. साठा तारांत नसतो. तो धरणात आणि कोळशाच्या राशीत असतो.

भर दुपारी अंधार

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर खांबावर चढणाऱ्या लाइनमनच्या जिवाशी निगडित आहे.

वादळात फांदी पडून तार तुटली की उपकेंद्रातून त्या वाहिनीची वीज बंद करतात आणि लाइनमन दुरुस्तीस जातो. पूर्वी वीज केवळ उपकेंद्राकडून घरांकडे येत असे. ते टोक बंद केले की पुढील तारांत वीज येण्यास दुसरी वाट सहसा नसे. घराघरांवर सौर फलके आल्यानंतर मात्र प्रत्येक घर हे लहानसे विद्युत्केंद्र झाले आहे. उपकेंद्र बंद असतानाही एखाद्या घराने तारांत वीज सोडली, तर मृत समजली गेलेली तार जिवंत राहील. एवढेच नव्हे, तर ज्या रोहित्रातून ११ हजार व्होल्टचा दाब घरांसाठी उतरविला जातो, त्याच रोहित्रास घराच्या बाजूने वीज मिळाली तर ते दाब उलट चढविते. घरातून निघालेली २३० व्होल्टची वीज अशा रीतीने रोहित्राच्या पलीकडे हजारो व्होल्टची होऊन उभी राहू शकते.

मुख्य जाळ्यापासून तुटलेला, पण आतल्या आत वीज खेळत असलेला असा भाग म्हणजे समुद्रातील बेटच. असे बेट अजाणता तयार होऊ नये, हा ग्रिडसंलग्न यंत्रणेचा पहिला नियम आहे. जाळे गेले की दोन सेकंदांच्या आत इन्व्हर्टरने वीज सोडणे थांबविले पाहिजे, असे बंधन भारतातील नियमांनी २०१३ पासून घातलेले आहे.

जाळे गेले हे इन्व्हर्टरला कसे कळते? बहुतेक वेळा दाब किंवा वारंवारता एकदम ढळते आणि तेवढी खूण पुरेशी असते. परंतु क्वचित् असेही घडू शकते की, तुटलेल्या भागातील सौर निर्मिती आणि तेथील वापर हे नेमके सारखे असतात. मग दाब व वारंवारता जागच्या जागी राहतात आणि सर्व काही ठीक आहे असा भास होतो. म्हणून इन्व्हर्टर केवळ पाहत बसत नाही. तो आपली लाट मधूनमधून किंचित पुढे किंवा मागे सारून पाहतो. दाराला आतून कडी आहे की नाही हे आपण दार हलकेच लोटून पाहतो, तसाच हा प्रकार आहे. पाठीशी देशाचे विशाल जाळे असेल तर या रेट्याने वारंवारता तसूभरही हलत नाही. ती हलली, तर पाठीशी कोणी नाही हे सिद्ध होते आणि इन्व्हर्टर तत्काळ बंद पडतो.

म्हणून भर उन्हात घर अंधारात राहते. यंत्र बिघडलेले नसते; ते आपले कर्तव्य करीत असते. अशा वेळी घरात वीज हवी असेल तर निराळी व्यवस्था करावी लागते. तिच्यात बॅटरी असते, स्वतःचा ताल स्वतः धरणारा इन्व्हर्टर असतो आणि घराची वायरिंग बाहेरच्या तारेपासून आधी पूर्णपणे तोडणारा खटका असतो. ही तोडणी नियमानुसार व जाणकाराकडूनच करून घ्यावी लागते, कारण तिच्यात चूक राहिली तर तिचे मोल खांबावरील मनुष्यास द्यावे लागते.

एकाचा नियम आणि लाखांचा नियम

एका छपरासाठी योग्य असलेला नियम लाखो छपरांसाठी तसाच योग्य राहील असे नाही. जर्मनीमध्ये प्रारंभी बसविलेल्या सौर यंत्रणांस असा नियम होता की, वारंवारता ५०.२ हर्ट्झच्या वर गेली की त्यांनी तत्काळ बंद पडावे. यंत्रणा थोड्या होत्या तोपर्यंत हा नियम निर्धोक होता. पुढे त्यांची संख्या लाखांवर गेली, तेव्हा एक नवे संकट लक्षात आले. एखाद्या उन्हाच्या दुपारी वारंवारता त्या रेषेस स्पर्श करताच हजारो मेगावॅट वीज एकाच क्षणी नाहीशी होईल आणि जाळ्यास मोठा हिसका बसेल. म्हणून २०१२ साली तेथे कायदा करून तीन लाखांहून अधिक यंत्रणांच्या मांडणीत बदल करावयाचे ठरले. वारंवारता चढू लागली तर एकदम बंद न पडता निर्मिती हळूहळू कमी करावी, असा नवा नियम आला.

एका ठिकाणचा हिसका किती दूर पोहोचतो हे त्याच वर्षी भारतानेही अनुभवले. ३० व ३१ जुलै २०१२ रोजी, एका वाहिनीवरील भार असह्य होऊन ती सुटल्यानंतर तिचा भार इतर वाहिन्यांवर पडत गेला. दुसऱ्या दिवशी तर उत्तर, पूर्व व ईशान्य भारताची जाळी एकापाठोपाठ कोसळली आणि सुमारे ६० कोटी लोकांची वीज गेली. या घटनेशी सौर विजेचा संबंध नव्हता. परंतु जाळ्यात येणाऱ्या प्रत्येक नव्या यंत्रास सर्वांबरोबर संयमाने वागण्याची शिस्त का लावावी लागते, हे त्यावरून स्पष्ट होते. आजच्या इन्व्हर्टरकडून म्हणूनच दुहेरी विवेकाची अपेक्षा असते. जाळे खरोखर गेले असेल तर तत्काळ बाजूस व्हावे आणि ते केवळ क्षणभर डळमळले असेल तर मात्र त्याची साथ सोडू नये.

मावळतीचा प्रश्न

३१ जानेवारी २०२५ रोजी भारतातील सौर विजेच्या क्षमतेने १ लाख मेगावॅटचा टप्पा ओलांडला. २०२४ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या योजनेत १ कोटी घरांच्या छपरांवर सौर यंत्रणा बसविण्याचे उद्दिष्ट आहे. दुपारची सौर वीज जसजशी वाढते, तसतसा संध्याकाळचा प्रश्न अवघड होत जातो. सूर्य कलू लागला की ही सर्व निर्मिती दोन-तीन तासांत ओसरते आणि नेमके त्याच सुमारास घरोघरी दिवे लागतात. तेवढ्या अवधीत दुसऱ्या केंद्रांनी आपली निर्मिती झपाट्याने वाढविली पाहिजे. पाण्याच्या केंद्रांस हे जमते; कोळशाच्या केंद्रांस ते कष्टाने साधते.

यावर साठवण हाच उपाय आहे. सह्याद्रीत घाटघर येथे २५० मेगावॅटचे केंद्र आहे. जाळ्यात वीज मुबलक असते तेव्हा तेथे खालच्या जलाशयातील पाणी वरच्या जलाशयात चढवितात आणि मागणी वाढली म्हणजे तेच पाणी खाली सोडून वीज घेतात. गुजरातेत सूर्यमंदिरासाठी प्रसिद्ध असलेल्या मोढेरा गावी छपरांवरील फलकांच्या जोडीला सौर केंद्र व मोठ्या बॅटऱ्या बसविल्या आहेत. दिवसाच्या उन्हाची वीज तेथे रात्री वापरली जाते. बॅटऱ्यांच्या जोडीने, दुसऱ्याचा ताल ऐकत न बसता स्वतः ताल धरून देणारे इन्व्हर्टरही आता काही देशांच्या जाळ्यांत बसविले जात आहेत. फिरत्या जनित्रांची संख्या पुढे कमी होईल, तेव्हा हा ताल कोणी तरी धरावयास हवाच.

छपरावर सौर यंत्रणा असलेल्या शाळेतील विद्यार्थ्यांस या सर्व गोष्टी मीटरच्या दोन आकड्यांवरून समजून घेता येतील. सुटीच्या दिवशी भर दुपारी दिलेल्या विजेचा आकडा वाढत असतो. पावसाळी दिवशी वर्ग भरलेले असताना घेतलेल्या विजेचा आकडा वाढतो. दर तासाला हे दोन्ही आकडे वहीत टिपून त्यांचा आलेख काढला, तर सूर्याचा दिनक्रम आणि मनुष्याचा दिनक्रम यांतील अंतर कागदावर उमटेल. ते अंतर भरून काढण्याचे काम जाळे अहोरात्र करीत असते.